कोकमाच्या भावकीतली गोळी

दारुहळदीतल्या बर्बेरीनला ‘निसर्गातलं ओझेम्पिक’ हे बिरुद समाजमाध्यमांनी 2023 मध्येच बहाल केलं होतं. 2025 मध्ये माउंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि या बिरुदाचा भाव आपल्याकडेही वधारला. नव्या दाव्याच्या गडबडीत जुन्या दाव्याचा हिशेब कुणी मागत नाही. तो जुना दावा होता गार्सिनियाचा, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात पडणाऱ्या कुडमपुळीचा. ती आपल्या कोकमाची सख्खी भावकी.

सुरुवात सचोटीची होती. 1965 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी या फळातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक असल्याचं दाखवून दिलं. कोकमातही तेच असतं. चार वर्षांनी अमेरिकेत लोवेनस्टाईन यांच्या प्रयोगशाळेत कळलं की पिष्टातून चरबी घडवणाऱ्या साखळीतलं एक विकर हे आम्ल रोखून धरतं. पुढे उंदरांची भूक आणि चरबी दोन्ही घटल्याचं दिसलं. मग 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हेम्सफिल्ड आणि सहकाऱ्यांची 135 माणसांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली. आम्ल घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलोंनी उतरलं, नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांचं 4.1 किलोंनी. कारण समजायला अवघड नाही. पिष्ट खाणाऱ्या उंदराचं यकृत भराभर चरबी बनवतं. माणसाच्या नेहमीच्या आहारात हा मार्ग अगदी किरकोळ असतो, आपली बरीचशी चरबी खाल्लेल्या तेलातुपातूनच साठते. जो दरवाजा फारसा वापरातच नाही, त्याला कुलूप लावून काय मिळणार?

विषय तिथेच मिटायला हवा होता, पण खरा धंदा सुरू झाला तो 2010 नंतरच्या दशकात. 2012 मध्ये डॉ. मेहमेत ओझ यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवर गार्सिनियाची वाखाणणी केली, हिरव्या कॉफीचीही केली. त्या कॉफीला आधार होता बंगळुरूत सोळा जणांवर झालेल्या एका अभ्यासाचा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो इतका सदोष ठरवला की पुरस्कर्त्या कंपनीला 2014 मध्ये 35 लाख डॉलर मोजावे लागले, आणि त्याच वर्षी लेखकांनी निबंध मागे घेतला. ओझ यांची सिनेटच्या समितीसमोर जाहीर खरडपट्टी निघाली. (2025 मध्ये त्याच सिनेटने त्यांना देशाच्या सरकारी आरोग्यविमा योजनांच्या प्रमुखपदी मान्यता दिली.) या दशकाबद्दलची खरी तक्रार वेगळीच आहे. पुरावा नव्हता म्हणून लोक फसले, असं झालं नाही. पुरावा चौदा वर्षं आधीच छापून आला होता आणि विकणाऱ्यांनी उंदरांपाशीच थांबणं सोयीचं मानलं.

यावर गार्सिनियाच्या चाचण्यांच्या 2011 च्या एकत्रित विश्लेषणाकडे बोट दाखवलं जातं. त्यात फरक निघाला सुमारे 0.88 किलोंचा, आणि काटेकोर चाचण्याच मोजल्यावर तोही टिकला नाही. याउलट 2021 मध्ये सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोवीतल्या औषधाच्या, चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी उतरलं, पोकळ इंजेक्शनवाल्यांचं 2.4 टक्क्यांनी. हे औषध महाग आहे आणि थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, हे आक्षेप रास्तच आहेत. पण त्याच्या उणिवांमुळे गार्सिनियाचा दावा खरा होत नाही. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा या वनस्पतीतच आहे, असंही सांगितलं जातं. ते खरं आहे, म्हणूनच वनस्पतींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त मेटफॉर्मिनला रेणू बदलून, मात्रा ठरवून, माणसांवर तपासून घ्यावं लागलं. गोळीवाल्यांना नेमकी हीच वाट नको आहे.

उरतो शेवटचा युक्तिवाद: पिढ्यानपिढ्या खातोय, अपाय कसला? आमटीत चार आमसुलं पडतात ती आंबटपणासाठी, आणि सरबतात तर कोकमापेक्षा साखरच जास्त जाते. वेचून आटवलेला अर्क रोज महिनोन्महिने घेणं हा निराळाच प्रकार आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांच्या अमेरिकी नोंदींत गार्सिनियाची प्रकरणं आहेत, हिरव्या चहाच्या अर्काची आहेत, हळदीच्या गोळ्यांचीही आहेत. तेव्हा कावीळ झाली किंवा यकृताच्या तपासणीचे आकडे चढले, तर डॉक्टरांना या गोळ्यांची नावंही सांगा. ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ म्हणून गाळू नका.