ग्रंथपाल आणि त्याचा संघ

बंगळूरच्या इंदिरानगरात राहणारा घरमालक मालमत्ता-कर भरतो, तेव्हा त्याबरोबर ग्रंथालयाचा उपकरही भरतो. ही अल्प रक्कम बहुधा त्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु ग्रंथालयासाठी कर असावा, या विचारामागे एका ग्रंथपालाने व्यावसायिक संघात वेचलेली अनेक वर्षे आहेत.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. विद्यार्थ्यांच्या सहवासास सरावलेल्या या अध्यापकाला तेथील एकांत असह्य वाटला आणि त्यांनी पूर्वीच्या जागी परतण्याची इच्छा दर्शविली. त्याऐवजी त्यांना शिक्षणासाठी लंडनला पाठविण्यात आले. इंग्लंडातील ग्रंथपालांचा संघ १८७७ पासून कार्य करीत होता. कामगार, स्त्रिया आणि मुले यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचविणारी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून रंगनाथन यांचे मन या व्यवसायात कायमचे रमले.

१९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला व रंगनाथन त्याचे चिटणीस झाले. एकाकी ग्रंथपालास जे साधणे कठीण, ते संघामुळे साधू लागले. १९२९ साली संघाने प्रशिक्षणवर्ग काढला. पुढे तो विद्यापीठाने आपलासा केला. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' या सूत्राने आरंभ होणारी त्यांची पंचसूत्री १९३१ साली, तर द्विबिंदू वर्गीकरण १९३३ साली याच संघाने प्रसिद्ध केले.

कायद्याचे काम मात्र चिकाटीचे ठरले. १९३० साली बनारसच्या शिक्षणपरिषदेत रंगनाथन यांनी ग्रंथालय-कायद्याचा नमुना मांडला. मद्रास प्रांतात कायदा झाला तो १९४८ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. एका ग्रंथपालाच्या अर्जास एवढा काळ तग धरता आला नसता. संघाला मात्र पिढीइतके आयुष्य असते.

मराठी मुलुखात कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच असा कायदा केला होता. म्हैसूर राज्याचा कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. म्हैसूरने उपकर बसविला. महाराष्ट्राने तो न बसविता लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. वाट कोणतीही असो, ती मोकळी राहावी यासाठी संघटित आग्रह लागतोच.

सभासदाचे वेतन आणि प्रतिष्ठा यांची काळजी संघाने वाहावी, हे न्याय्यच होय. परंतु तेवढ्यावरच जो थांबतो, त्याच्या सभा भरतात आणि वाचनालये ओस पडतात. संघाची खरी कसोटी त्याच्या सभेत कधीही न येणारा वाचक होय. रंगनाथन यांनी उत्तरायुष्य बंगळुरातच घालविले व १९७२ साली तेथेच देह ठेवला. त्याच नगरीतील कराच्या पावतीवर ग्रंथालयाच्या नावाने पडणारा आकडा त्या वाचकाच्याच हक्काचा आहे. तो त्याला मिळतो की नाही, हे पाहणे प्रत्येक ग्रंथपालाचे आणि त्याच्या संघाचे कर्तव्य आहे.