'सोअर' म्हणजे नुसते 'उंच उडणे' नव्हे

इंग्रजीच्या तासाला 'सोअर' हे क्रियापद आले की फळ्यावर 'उंच उडणे' असे लिहून आपण मोकळे होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्हीही तेच केले. लगेच एका मुलीने वाक्य केले : 'चिमणी छपरावर सोअर करते.' व्याकरण बिनचूक, तरी वाक्य चुकलेले. चूक अर्थातच तिची नव्हती, आम्ही दिलेल्या अर्थाची होती.

मग वर्गच बाहेर काढला. मार्च महिना, सकाळचे अकरा. शाळेमागच्या नांगरलेल्या काळ्या रानावर एक घार फिरत होती. ती पंख किती वेळा मारते, एवढेच मुलांना मोजायला सांगितले. मुलांना मोजायला जवळजवळ काही मिळालेच नाही, आणि घार मात्र ठिपक्याएवढी झाली!

हे कसे होते? उन्हाने उघडी जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढू लागते. पसरलेल्या पंखांवर घार खरे तर सतत खालीच घसरत असते; पण भोवतालची हवा त्याहून वेगाने वर चढत असते. पक्षी सेकंदाला एक मीटर खाली येत असेल आणि हवा तीन मीटर वर जात असेल, तर पक्षी सेकंदाला दोन मीटर वर जाणार. हा प्रवाह फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडू नये म्हणून घिरट्या. भल्या सकाळी जमीन थंड असते, तेव्हा घारीलाही पंख मारावेच लागतात. चिमणी तर नेहमीच पंख मारून उडते. बिनइंजिनाचे ग्लायडर उडवणारे वैमानिकही हीच युक्ती वापरतात.

शब्दाच्या मुळातही हवाच आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात 'ऑरा' हा लॅटिन शब्द आहे. अर्थ वारा, हवा. मराठीत नेमका जोड सापडत नाही. 'घिरट्या'त वर्तुळ आहे पण चढणे नाही, 'तरंगणे'त स्थिर पंख आहेत पण उंची नाही. 'भरारी' सर्वांत जवळची, फक्त तिच्यात पंखांचा जोर ऐकू येतो.

वर्तमानपत्रांत मात्र हे क्रियापद पक्ष्यांपेक्षा भावांसाठीच अधिक दिसते. तिथे संथपणा जातो. झपाट्याने आणि फार वर, एवढेच उरते. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे भाव 'सोअर' झाले, तर आपण म्हणू, भाव कडाडले. तापमान असेल तर पारा चढला. तिथे 'भरारी' लिहिली तर मिरची विकत घेणाऱ्याला हसू येईल (विकणाऱ्याला कदाचित नाही). आणखी एक वापर तर हालचालीशिवायचा आहे : सातपुड्यातले अस्तंभ्याचे शिखर जागचे हलत नाही, तरी इंग्रजीत ते 'सोअर' करू शकते. मराठीत ते आभाळात घुसते.

उच्चाराबद्दल एक सूचना. 'दुखरा' या अर्थाचा इंग्रजी शब्द अनेकांच्या तोंडी अगदी असाच ऐकू येतो. श्रुतलेखनात नुसता शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगावे, नाहीतर घार दुखरी व्हायची.