रस्ता बघून चाक निवडा

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या नववीच्या एका मुलाचे मनगट मोडले. त्याची आई एका घरी स्वयंपाकाला जाते. त्या कुटुंबाने घर बदलताना एक जुना लाँगबोर्ड तिला देऊन टाकला होता. लाँगबोर्ड म्हणजे लांब फळीचा स्केटबोर्ड. एका पायाने ढकलत त्यावर उभे राहून लांबवर जाता येते. बोर्डाची चाके झिजली होती. मुलाने सकाळच्या पेपरच्या लाइनचे पैसे साठवले आणि मोबाइलवरून नवी चाके मागवली. पांढरीशुभ्र, लहान, कडक. त्यावर लिहिले होते ‘५२ मि.मी., १०१ ए’. आकडा शंभराच्या वर आहे म्हणजे हीच सर्वांत भारी, असे त्याला वाटले.

तिसऱ्या दिवशी वस्तीबाहेरच्या डांबरी रस्त्यावर हरभऱ्याएवढा एक खडा चाकाखाली आला. चाक जागच्या जागी थांबले, पोरगा पुढे गेला. पडताना त्याने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले.

प्लास्टर घालून घरी आल्यावर त्याचे बाबा म्हणाले, “ती फळी भंगारात टाक. हे आपल्या पोरांचे खेळ नाहीत.”

बाबांचा राग आम्हाला समजतो. महिनाभर मुलाचा हात गळ्यात आणि आईचे दोन खाडे, हा खर्च कुणालाच परवडत नाही. तरीही आम्हाला त्यांचे म्हणणे पटले नाही. मुलगा बेफिकीर नव्हता आणि रस्ता नेहमीसारखाच होता. चूक चाकाच्या निवडीत होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नव्हती. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर आपण चाकांबद्दल बोलू. हेल्मेट डोके वाचवते, पण योग्य चाक पडण्याची वेळच कमी आणते.

आधी चाक कसे बदलले ते पाहू

हा खेळ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या मुलांनी रस्त्यावर आणला. सुरुवातीला फळीला लोखंडी चाके असत, नंतर भाजक्या मातीसारख्या कडक मिश्रणाची चाके आली. ही चाके रस्त्याला धरत नसत. छोटा खडा आला तरी बोर्ड अडे आणि मूल तोंडावर पडे. १९६५ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी या खेळाविरुद्ध इशारे दिले आणि अनेक शहरांनी रस्त्यावर तो खेळायला बंदी घातली. खेळ जवळजवळ संपला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली. पॉलियुरेथेन म्हणजे आपल्या चपलांच्या ‘पीयू’ सोलच्या कुळातलाच पदार्थ. तो थोडा दबतो, रस्त्याला धरतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. चाक बदलले आणि खेळ पुन्हा उभा राहिला. पुढे तो टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. तेव्हाही मुलांना वाईट म्हटले गेले होते, आणि तेव्हाही मोठा दोष चाकाचाच होता.

चाकावरचे दोन आकडे वाचायला शिका

पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. ती चाकाची उंची. उड्या मारण्याच्या छोट्या स्केटबोर्डाला साधारण ५० ते ५४ मि.मी.ची चाके असतात. लाँगबोर्डाला ६५ ते ७५ मि.मी., कधी त्याहूनही मोठी.

मोठे चाक का हवे, हे समजायला प्रवासाची बॅग आठवा. एसटी स्टँडवर बॅगेची छोटी चाके पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक फटीत अडकतात. त्याच फटीवरून सायकल सहज जाते. खडा तोच असतो, पण मोठे चाक त्यावर चढून जाते आणि लहान चाक त्याला धडकते. मोठ्या चाकाला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, पण एकदा फिरू लागले की ते लांबवर जाते.

दुसरा आकडा कडकपणाचा. त्याला ड्युरोमीटर म्हणतात आणि आकड्यापुढे ‘ए’ लिहिलेला असतो. आकडा लहान तितके चाक मऊ, मोठा तितके कडक. हे परीक्षेचे गुण नाहीत, जास्त म्हणजे चांगले असे इथे नसते. ९९ ते १०१ ए ही चाके गुळगुळीत सिमेंटच्या स्केटपार्कसाठी आहेत. रस्त्यावर जाण्यासाठी ७५ ते ८५ ए हा पट्टा. आमच्या मुलाने स्केटपार्कची चाके खडीच्या रस्त्यावर आणली होती.

कुठल्या जमिनीला कुठले चाक

खडबडीत डांबर, उखडलेली खडी: ७० ते ७५ मि.मी. उंच आणि ७५ ते ७८ ए इतके मऊ चाक घ्या. कडक चाकाने अशा रस्त्यावर पायाच्या तळव्यापासून गुडघ्यापर्यंत हादरे बसतात आणि पाय बधिर होतात. मग तोल राहत नाही.

सिमेंटची गल्ली, पेव्हर ब्लॉक: इथेही ७० मि.मी.च्या आसपासचे चाक आणि ७८ ते ८० ए कडकपणा ठीक. गटाराची जाळी, चेंबरचे उंचावलेले झाकण आणि रुंद फट मात्र कुठल्याच चाकाने ओलांडू नका. उतरा, बोर्ड उचला, पुढे जा.

नवा गुळगुळीत रस्ता किंवा शाळेचे सिमेंटचे मैदान: ६५ ते ७० मि.मी. आणि ८० ते ८३ ए चालते. बोर्ड हलका वाटतो आणि लवकर वेग घेतो.

सिमेंटचा स्केटपार्क: इथे छोटे कडक चाक योग्य. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये असा पार्क सुरू झाला. तिथे आदिवासी आणि यादव घरांतली मुले एकाच सिमेंटवर खेळू लागली. नियम दोनच ठळक होते: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. तिथली आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. हे खेळ आपल्या पोरांचे नाहीत, असे म्हणणाऱ्या बाबांना आम्ही हीच गोष्ट सांगितली.

ओला रस्ता: पावसात कुठलेही चाक घसरते. पाऊस पडत असेल तर बोर्ड घरात.

कसे खेळणार, त्यावरही चाक ठरते

शाळा, क्लास किंवा दुकानापर्यंत जायचे असेल तर मोठे आणि मऊ चाक घ्या. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी इथूनच सुरुवात करावी.

डावी-उजवीकडे झुकत, वळणे घेत जायचे असेल तर चाकाची कड बघा. कड चौकोनी आणि धारदार असेल तर चाक रस्ता घट्ट धरते आणि वळणावर घसरत नाही. ६५ ते ७० मि.मी. आणि ७८ ते ८० ए यासाठी चांगले.

काही मुले मुद्दाम बोर्ड आडवा घसरवून वेग कमी करतात. त्यासाठी गोल कडेचे, ८० ते ८६ ए कडकपणाचे चाक लागते. हा प्रकार शिकवणारे कुणी सोबत असल्याशिवाय करू नका. हातात जाड संरक्षक मोजेही लागतात.

फळीवर चालणे, फिरणे, नाचाच्या पावलांसारखे खेळणे आवडत असेल तर ६५ ते ७० मि.मी.चे चाक पुरते. फळी जमिनीच्या जवळ राहते आणि तोल सांभाळणे सोपे जाते.

उतारावरून वेगात जाणाऱ्यांसाठी रुंद, मऊ, धारदार कडेची चाके असतात. पण घाटात किंवा वाहत्या रस्त्यावर हा खेळ आम्ही कुणालाही सुचवणार नाही. ट्रकपुढे कुठलेच चाक कामाचे नाही.

वजनाचाही विचार करा. हलक्या मुलाला ७५ ते ७८ ए बरे. मोठ्या माणसाच्या वजनाखाली तेच चाक जास्त दबते आणि बोर्ड जड चालतो, म्हणून त्याने दोन-चार आकडे कडक घ्यावे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर चाक आणखी थोडे मऊ होते, हेही लक्षात असू द्या.

मोठे चाक लावताना एक धोका

मोठे चाक चांगले म्हणून कुठल्याही फळीला लावू नका. वळताना फळी झुकते आणि चाक फळीला घासले तर बोर्ड एकदम थांबतो. मग खड्याने जे केले तेच इथे होते. चाक बसवल्यावर फळीवर उभे राहून दोन्ही बाजूंना पूर्ण झुकून बघा. चाक टेकत असेल तर लहान चाक घ्या, किंवा फळी आणि खालचा धातूचा सांगाडा यांच्यामध्ये रबर-प्लास्टिकची जाड पट्टी बसवा. लाँगबोर्डाच्या बऱ्याच फळ्यांना चाकांजवळ खाचा असतात, त्या याचसाठी.

पैसे वाया जाऊ नयेत म्हणून

खेळण्याच्या दुकानातल्या स्वस्त बोर्डांना बऱ्याचदा साध्या प्लास्टिकची चाके असतात. ओळखायची सोपी युक्ती: सुटे चाक फरशीवर टाका. चांगले युरेथेन उसळते, प्लास्टिक टक् करून पडून राहते. जुने चाक घेताना ते सगळीकडून गोल आहे का, एका बाजूला सपाट झाले आहे का, कडेचे तुकडे निघाले आहेत का, हे बघा.

चाकात दोन बेअरिंग असतात. त्यांचे माप सगळीकडे जवळजवळ एकच आहे: आतले भोक ८ मि.मी., बाहेरची गोलाई २२ मि.मी. त्यामुळे चाके बदलली तरी चांगली असलेली जुनी बेअरिंग त्यातच बसतात. चाकाचा नट १३ नंबरच्या पान्याने निघतो, म्हणजे सायकलवाले काकाही काम करून देतील. नट आवळून मग किंचित सैल करा, चाक मोकळे फिरले पाहिजे.

चाके एका बाजूने जास्त झिजतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुढचे उजवे चाक मागे डावीकडे, अशी तिरपी अदलाबदल केली की जास्त टिकतात. बेअरिंग भिजले तर पुसा, वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. सफाईसाठी रॉकेल किंवा पेट्रोल घरात, चुलीजवळ काढू नका.

तरीही पडलेच तर

चाक बरोबर असले तरी माणूस पडतोच. म्हणून डोक्याला हेल्मेट, मनगटाला आणि गुडघ्याला पॅड हवेत. स्केटिंगचे हेल्मेट नसेल तर नीट बसणारे सायकलचे हेल्मेट वापरा, काही नसण्यापेक्षा ते बरे. तळहात टेकून पडण्याची सवय मोडा. गुडघे वाकवून, अंग गोळा करून, खांद्यावरून लोळण घ्यायला आधी गवतावर शिका.

खरचटले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. हळद, चुना, माती लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आरोग्य केंद्रात सांगा.

मनगट सुजले, वाकडे दिसले किंवा हलवताना फार दुखले तर चोळू नका, ओढू नका. पुठ्ठा आणि ओढणीने हात आहे तसाच बांधा आणि एक्स-रे काढा. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा नाजूक भाग असतो. तो चुकीचा जुळला तर हात वाकडा किंवा आखूड राहू शकतो. डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आमच्या मुलाचे प्लास्टर दीड महिन्याने निघाले. आता त्याच्या बोर्डाला ७० मि.मी., ७८ ए ची चाके आहेत. ती पॅड आणि हेल्मेटसकट घरच्यांनीच घेतली. बाबांनी अट घातली आहे: संध्याकाळी रस्ता नाही, फक्त शाळेचे मैदान, आणि अर्धा वेळ धाकट्या बहिणीचा. ती हल्ली बोर्डावर उभी राहण्याआधी चाक हाताने फिरवून बघते आणि मैदानातले खडे पायाने बाजूला सारते. तुमच्याही घरी बोर्ड असेल तर आज त्याचे चाक उलटे करून वाचा. त्यावरचा आकडा आणि दारासमोरचा रस्ता जुळतो का, ते आईबाबांनी आणि मुलांनी मिळून बघा.