खाण, माती आणि पहिला प्याला

मद्यपी पित्याचा मुलगा पिऊ लागला, की ‘खाण तशी माती’ ही म्हण हटकून उच्चारली जाते. वारणाकाठच्या ऊसपट्ट्यातही ती सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात दोन विधाने एकवटली आहेत. व्यसनाचा कल घराण्यात उतरतो, हे पहिले. तो अटळ असतो, हे दुसरे. पहिल्या विधानास शास्त्राचा बराच आधार आहे, दुसऱ्यास मात्र नाही. वारणानगरसारख्या शिक्षणकेंद्रात आसपासच्या खेड्यांतून अनेक कुमार शिकावयास येतात. त्यांच्या दृष्टीने हा भेद जाणणे अगत्याचे आहे.

डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक पुरुषांची पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली. हे पुरुष जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत आईबापांपासून दूर झाले होते. तरीही मद्यासक्त जन्मदात्यांच्या मुलांत मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तकांच्या सुमारे चौपट आढळले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, मद्यासक्तीच्या बाबतीत माणसामाणसांत जे भेद आढळतात, त्यांपैकी सुमारे निम्म्यांचा उलगडा आनुवंशिकतेने होतो. मद्यप्याची निम्मी मुले मद्यपी होतात, असा ह्याचा अर्थ नव्हे. हा हिशेब समूहातील भेदांचा आहे. एखाद्या मुलाचे भवितव्य त्यावरून वर्तविता येत नाही.

हा वारसा कसा कार्य करतो, हे ‘चढणे’ ह्या क्रियापदाच्या आधारे समजून घेता येते. ‘मला चढत नाही’ असे सांगण्यात तरुणांस भूषण वाटते. परंतु मार्क शुकिट ह्यांच्या अमेरिकेतील संशोधनात मद्यासक्तांच्या अनेक मुलांवर ठरावीक मात्रेचा परिणाम कमी होतो असे दिसले. आणि ज्यांच्यावर तो कमी झाला, त्यांच्यात पुढे मद्यासक्ती अधिक आढळली. ज्यास चढत नाही त्यास थांबण्याची सूचना शरीराकडून उशिरा मिळते. यास्तव ते बळाचे लक्षण नसून धोक्याचे होय.

वारसा केवळ रक्ताचा नसतो. ‘तो पितो’ एवढेच म्हटले तरी काय पितो, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. कर्म अध्याहृत राहण्याइतकी ही गोष्ट परिचित झाली आहे. दुकानातून बाटली आणावयास धाडलेला मुलगा, रात्रीची भांडणे मुकाट्याने ऐकणारी मुलगी, फीचे पैसे गुत्त्यात गेल्याने खंडित झालेले शिक्षण, हाही वारसाच होय. उलटपक्षी, स्टीव्हन वोलिन व लिंडा बेनेट ह्यांच्या अभ्यासांत असे आढळले की, आईबापांपैकी कोणी पीत असूनही ज्या घरांनी एकत्र जेवण, सणवार इत्यादी रीती अभंग राखल्या, तेथे व्यसन पुढील पिढीत कमी उतरले. गौरीगणपती किंवा रात्रीची एक पंगत बिघडू न देणे, ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नव्हे.

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील पहिल्या प्याल्याचा प्रश्न आजही कायम आहे. कुमारवयात तो प्याला हाती घेणे वा न घेणे हे मुख्यतः घर व सोबती ह्यांवर अवलंबून असते. आसक्ती जडण्यात आनुवंशिकतेचा भाग पुढे वाढत जातो. अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षापूर्वी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हातरी मद्यासक्त झाल्याचे दिसले. विशीत वा त्यानंतर आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर आरंभ हेच ह्याचे एकमेव कारण, असे म्हणता येणार नाही. तथापि, ज्याच्या घरी हा इतिहास आहे त्याने पहिला प्याला टाळणे सर्वाधिक हिताचे, हे उघड आहे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी कायद्याने २५ वर्षांची वयोमर्यादा घातली आहे, तिचे महत्त्वही ह्यातून लक्षात येते.

म्हणून घरातील व्यसन मुलांपासून लपविणे किंवा ‘तूही तसाच निघणार’ असे त्यांस हिणविणे, हे दोन्ही मार्ग अनिष्ट होत. मधुमेहाचा कौटुंबिक इतिहास जसा निःसंकोचपणे सांगितला जातो, तसाच हाही सांगावा. पित्यावर उपचार करविणे हे मुलाचेही रक्षण होय. वारणानगर हे नगरच मुळी माळरानावर वसले. जमीन बदलली नाही, परंतु तिची निगा बदलली. खाण कोणती हे माणसाच्या हाती नसते. मातीत काय पेरावयाचे, हे पुष्कळसे असते.