विजेच्या जाळ्याचे घड्याळ

नरखेड तालुक्यातील संत्र्याच्या बागांना विहिरीवरील विजेचे पंप पाणी देतात. ही वीज कोठून येते, असे विद्यार्थ्याने विचारल्यास केवळ कोराडीचे नाव सांगून भागत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून देशभरातील मोठी वीजकेंद्रे जणू एकाच जुवाला जुंपलेली आहेत.

जोडीतील एक बैल किंचित पुढे असला, तर ओढ त्याच्यावर अधिक पडते; फार पुढे गेला, तर जू मोडते. विजेचेही तसेच आहे. तिचा दाब सेकंदाला ५० आवर्तने करतो. ठिकठिकाणच्या आवर्तनांत थोडे अंतर असते व त्या मानाने वीज एकीकडून दुसरीकडे वाहते. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढले, तर जाळ्याचे तुकडे पडतात. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याच्यासह पूर्व व ईशान्य भागांतील जाळीही बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशास त्याची झळ पोचली.

हे अंतर मोजावे कसे? एका आवर्तनाचे ३६० अंश मानले, तर दोन ठिकाणच्या घड्याळांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक असला, तरी मापात १८ अंशांची चूक होते.

ही अडचण दूर करण्यात डॉ. अरुण फडके यांचा वाटा मोठा आहे. खरगपूरच्या आय. आय. टी. मधून ते १९५९ साली पदवीधर झाले व १९६४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. पुढे तेथील एका वीजकंपनीत वाहिनीवरील बिघाड संगणकाने ओळखण्याच्या कामी त्यांनी सहकाऱ्यांसह मोजमापाची शीघ्र गणितपद्धती सिद्ध केली. काम वाहिनीच्या रक्षणाचे होते. परंतु हेच माप सर्वत्र एकाच क्षणी घेतल्यास संपूर्ण जाळ्याची स्थिती कळेल, हे त्यांनी हेरले. जीपीएस उपग्रहांमुळे सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत अचूक वेळ सर्वत्र मिळू लागली. १९८२ पासून ते व्हर्जिनिया टेक येथे अध्यापन करीत होते. तेथे १९८८ साली जेम्स थॉर्प यांच्या सहकार्याने फेजर मापक यंत्र तयार झाले. २००८ साली या दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. भारताच्या जाळ्यावरही आज अशी यंत्रे बसविलेली आहेत. संकट वाढण्यापूर्वीच त्याची चाहूल नियंत्रण केंद्रास लागावी, हा त्यांचा हेतू.

हे तत्त्व शाळेत सहज दाखविता येते. समान लांबीच्या दोऱ्यांस दगड बांधून दोन लंबक करावेत व ते दोन विद्यार्थ्यांकडून निरनिराळ्या वेळी सोडवावेत. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने लंबकाची जागा नोंदविली, तर त्या नोंदींची तुलना करता येत नाही. शिक्षकाने घंटेचा एक टोला द्यावा व त्याच क्षणीची जागा दोघांनी सांगावी. कोण किती पुढे, हे तत्काळ समजते. घंटेचे हे काम विजेच्या जाळ्यात उपग्रह करतो.