भाकरी, अंडं आणि पिशवीची मागची बाजू

कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीची पुढची बाजू फक्त चित्रासाठी असते. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत छापलेलं असतं. आमच्या शहरातल्या औरंगपुरा, सिडको भागांतल्या दुकानांत उभं राहून ते तक्ते वाचण्याचा मला अनेक वर्षांचा नाद आहे. त्यातून एक मत पक्कं झालं: चांगलं खाद्य महागच असतं असं नाही, पण ते ओळखायला आकडेमोड करावी लागते.

तयार श्वानखाद्याचा धंदा जेम्स स्प्रॅट यांनी १८६० च्या सुमारास लंडनमध्ये बिस्किटांपासून सुरू केला. आजचे फुगीर दाणे १९५० च्या दशकात अमेरिकेत आले. इतिहास एवढा पुरे.

तक्त्यात आधी ‘पूर्ण आणि संतुलित आहार’ असं लिहिलंय का ते पाहावं. मग ओलावा. ओल्या पाकिटात ८० टक्के ओलावा आणि ८ टक्के प्रथिनं असली, तर १०० ग्रॅममागे ८ ग्रॅमच प्रथिनं मिळतात. बाकी बरेचसे पैसे पाण्याचे. कोरड्या दाण्यांत तीच २४ ग्रॅम असू शकतात. भावही किलोवर तोलू नये. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅमला ३५० किलोकॅलरी देणारे दाणे १८० ग्रॅम लागतील, ४०० देणारे १६० ग्रॅमच्या आत. म्हणून रोजचा खर्च काढावा.

आता माझा लाडका विषय, भाकरी. आमच्याच सातारा परिसरातल्या खंडोबाच्या दर्शनाला गेलं की कुत्र्यांना भाकरी घालणारी माणसं दिसतात. देवासोबत कुत्रं असतंच. कुत्र्याला धान्य पचत नाही, असं हल्ली सर्रास सांगतात. पण स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणारं विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचं पोटही बदललं. मला हे फार विलक्षण वाटतं. ज्वारी-बाजरीची भाकरी त्यामुळे विष नाही. पण नुसत्या भाकरीत पुरेसं कॅल्शियम, जस्त, चांगली प्रथिनं नसतात. एका मध्यम भाकरीत दोनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याच्या रोजच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा. तयार खाद्याचा समतोल टिकवायचा, तर वरचं खाणं रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये: पाव भाकरी किंवा अर्धं उकडलेलं अंडं. रात्रीचा रस्सा मात्र कालवू नये. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो.

मांजराचं गणित वेगळं. टॉरीन हे पोषकद्रव्य त्याला खाण्यातूनच, मुख्यतः मांसातून, मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-पोळीवर मांजर पोसू नये, कुत्र्याचं खाद्यही देऊ नये.

मोठं पोतं स्वस्त पडतं, पण आपल्या उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्यावं, मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवावं. सुटं, तारीख नसलेलं खाद्य घेऊच नये.

पुढची पिशवी घेताना एवढं करा: मागचा तक्ता वाचा, रोजचा खर्च काढा. पिल्लू, म्हातारं किंवा आजारी जनावर असेल, तर दुकानदाराआधी पशुवैद्यांना विचारा.