गाडी एकाची, नाव दुसऱ्याचे

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगरच्या अलीकडे काटेवाडी लागते. आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीभोवती इथे मेंढ्या धावतात म्हणून काहींना हे गाव ठाऊक आहे, तर राजकारणामुळे साऱ्या देशाला ठाऊक आहे. आम्हाला मात्र ते आत्याचे गाव म्हणून ठाऊक. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की आत्याचे दोन्ही मुलगे आम्हाला सायकलवर डबलसीट घेऊन कालव्यावर पोहायला नेत. थोरल्यांना आम्ही दादा म्हणायचो आणि धाकट्यांना तात्या. आज जे सांगणार आहोत ते या दोघांच्या घरात घडले आहे, आणि दादांनीच आम्हाला म्हटले, "छाप तू. नावं नको घालू, पण छाप. दुसऱ्या कुणाच्या घरात असं व्हायला नको."

दादा बारामतीच्या एमआयडीसीत कायम नोकरीला. महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप हातात. तात्यांपाशी लायसन होते, अंगात कष्ट होते, पण कागद म्हणावा असा एकही नव्हता. मालाची तीनचाकी ॲपे घ्यायची असे घरात ठरले. त्याच एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, ॲपे गाड्या तिथेच तयार होतात, त्यामुळे आपल्या भागात ही गाडी घरच्यासारखी. फायनान्सवाल्याने पहिला प्रश्न विचारला, पगाराची स्लिप कोणाची? दादांची. मग कर्ज दादांच्या नावावर झाले, आरसी बुक दादांच्या नावावर झाले आणि विमाही ओघाने दादांच्याच नावावर निघाला. गाडी तात्यांनी चालवायची, हप्ता तात्यांनी भरायचा. चूल एक, ताट एक. नाव कोणाचे याचा विचार कोण करतो? यात कोणाचा डाव नव्हता. उलट धाकट्याचा संसार उभा राहावा म्हणून थोरल्याने आपली सही पुढे केली होती.

२०२२ च्या हिवाळ्यात एका पहाटे तात्या भाजी भरून मार्केट यार्डाकडे निघाले. कालव्याजवळच्या वळणावर कुत्रे आडवे आले, गाडी उलटली. समोरून दुसरे वाहन नव्हते, कोणाची धडक नव्हती. तात्या जागीच गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर वहिनींनी ट्रंकेतून विम्याचा कागद काढून आमच्या पुढे ठेवला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हितं पंधरा लाख लिवलंय. मग कंपनी न्हाई का म्हणती?"

ओळ खरी होती. मालक-चालक यांचा वैयक्तिक अपघात विमा, रुपये १५,००,०००. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ साली ही रक्कम वाढवली. त्याआधी दुचाकीला एक लाख आणि मोटार-टेम्पोला दोन लाख एवढीच होती. पण त्या ओळीत 'मालक-चालक' हा जोडशब्द आहे, आणि सारे त्या जोडशब्दात अडकले आहे. गाडी चालवणारा आणि आरसी बुकावरचा मालक एकच माणूस असला पाहिजे. विम्याच्या कागदावर नाव त्याचेच पाहिजे आणि त्याच्यापाशी चालू लायसन पाहिजे. तीनही गोष्टी जुळल्या तरच पंधरा लाख. तात्यांचे लायसन होते, पण ते मालक नव्हते. दादा मालक होते, पण ते गाडीत नव्हते. कंपनीने नाही म्हटले, आणि मनाला कितीही लागले तरी कायद्याने ती चुकलेली नव्हती.

गाडीचा चक्काचूर झाला होता. तो दावा मात्र मंजूर झाला, कारण गाडी दादांची आणि विमाही दादांचा. पैसे आधी फायनान्सकडे गेले, कर्ज फिटून थोडे उरले, ते दादांनी वहिनींच्या हाती ठेवले. लोखंडाचे पैसे मिळाले, माणसाचे मिळाले नाहीत. हे वाक्य आमचे नाही, दादांचे आहे. त्या दिवसापासून ते नीट जेवत नव्हते.

याच सुमारास एक माहितगार गृहस्थ घरी येऊन गेले. म्हणाले, "तात्या पगारी ड्रायव्हर होते असं लिहून द्या. ड्रायव्हरच्या नुकसानभरपाईचा भार कंपनीवर टाकता येतो." बोलणे अगदीच हवेतले नव्हते. मालकाकडे पगारावर असलेल्या चालकाचा कामावर अपघात झाला, तर १९२३ च्या कायद्याप्रमाणे भरपाई देणे मालकावर येते आणि विमा ते पेलतो. पण तात्या पगारी नव्हते, स्वतःची गाडी समजून राबत होते. पगार दिल्याची एक चिठ्ठी घरात नव्हती. उलटतपासणीत हे टिकले नसते, आणि शपथेवर खोटे सांगायचे ते मेलेल्या भावाच्या नावाने. दादांनी हात जोडून त्या गृहस्थांना वाटेला लावले. आम्हाला त्या घराचा अभिमान वाटतो तो इथे.

पैसा आला तो अनपेक्षित वाटेने. तात्यांच्या बँकेच्या खात्यातून वर्षाला थोडेसे रुपये कापले जात. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा हप्ता २०१५ ला योजना निघाली तेव्हा बारा रुपये होता, जून २०२२ पासून वीस झाला. या विम्याला गाडी कोणाची याच्याशी कर्तव्य नाही. अठरा ते सत्तर वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला की वारसाला दोन लाख मिळतात. ते वहिनींना मिळाले. वीस रुपयांचा कागद धावून आला आणि हजारो रुपये भरलेला कागद बघत राहिला.

असा प्रसंग आमच्याच नात्यात आला असे नाही. कर्नाटकातले इलकल आपल्या आयाबायांना लुगड्यांमुळे माहीत आहे. तिथून आपल्या गावी निघालेला एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन गेला आणि वाटेत बैलगाडीवर आदळून मेला. त्याच्या घरच्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली न्यायालयाने सांगितले की गाडी मागून नेणारा हा मालकाच्या जागी उभा राहतो, तो त्या गाडीच्या विम्यापुढे परका माणूस ठरत नाही. म्हणून चूक कोणाची हे न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या वारसांना मागणी करता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली काही करता येते का ते पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. गाडीने रस्त्यावरच्या परक्या माणसाला उडवले तर थर्ड पार्टी विमा उभा राहतो, मग गाडी भावाच्या हाती असो की मित्राच्या. स्टिअरिंगवरचा माणूस मेला तर हिशेब वेगळा होतो.

आता नावाचा घोळ मुळात होतो कुठे ते पाहू. आपल्याला सातबारा कळतो. मालकाचे नाव एका जागी असते, आणि सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज काढले की इतर हक्कांत बोजा चढतो. बोजा चढला म्हणून बँक रानाची मालक होत नाही. आरसी बुकाचेही तसेच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे फायनान्स कंपनीचे नाव बोजा म्हणून बुकावर येते. कर्जाला हायपोथिकेशन म्हणा, हायर-पर्चेस म्हणा की लीज म्हणा, गाडी कराराने ज्याच्या ताब्यात आहे तो मालक, असे त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिले आहे. विम्याच्या कागदावरही याच रीतीने मुख्य नाव ताबा असणाऱ्याचे आणि फायनान्सची नोंद खाली. ती नोंद कशासाठी, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे आले की फायनान्सचा हात आधी पोहोचावा म्हणून.

मात्र हा कायदा फक्त कागदावरच्या दोघांना ओळखतो, कर्ज घेणारा आणि कर्ज देणारा. घरातला तिसरा, जो रोज पहाटे उठून गाडी काढतो, तो करारात नाहीच. तात्या असे तिसरे होते.

मग पगाराची स्लिप भावाची आणि गाडी चालवणारा आपण, असे असेल तर करायचे काय? आम्ही दोन-तीन जाणकारांना विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले, स्लिपवाल्याला जामीनदार करा किंवा सहकर्जदार करा, पण आरसी बुकावर नाव चालवणाऱ्याचे घाला. फायनान्सवाले कुरकुर करतात, एक-दोन कागद जास्त मागतात, व्याजही चढे सांगतात. तरी विचारून पाहावे. कित्येकदा शोरूममधला माणूस सोपे पडते म्हणून स्लिपवाल्याचेच नाव टाकून मोकळा होतो आणि आपण विचारत नाही.

गाडी आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर नाव बदलता येते. आपल्या बाजूचे काम बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, एमएच ४२ च्या पासिंगला. नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज चालू असताना फायनान्सची लेखी संमती लागते, तिच्यावाचून नाव चढत नाही. नाव बदलले की चौदा दिवसांत विमा कंपनीलाही कळवावे. इथे बरेच जण थांबतात. आरटीओत नाव झाले म्हणजे विम्यातही झाले असे त्यांना वाटते. तसे आपोआप होते ते थर्ड पार्टीपुरते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला ते लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितले आहे.

नाव बदलणे जमतच नसेल, तर चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा. तो गाडीला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो.

बचत गटांच्या मिनी ट्रॅक्टरचाही प्रश्न असाच आहे. सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी ही योजना आणली, तीत किमतीचा नव्वद टक्के भार शासनाचा आणि दहा टक्के गटाचा. ट्रॅक्टर गटाच्या नावावर. चालवतो मात्र गटातल्या कोणाचा तरी मुलगा किंवा नवरा. मालक एक माणूस नसेल तर मालक-चालक विमा लागूच होत नाही, कारण गट काही स्टिअरिंगवर बसत नाही. चालकाचे संरक्षण जास्तीचा हप्ता भरून वेगळे मागावे लागते, आणि मागितले नाही तर एजंट आपणहून सांगेलच असे नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत कागद काढून एकदा बघा.

विकण्याची गोष्ट तर याहून वाईट. कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायच्या, स्टँपवर चार ओळी लिहायच्या आणि हप्ते चालू असलेली गाडी तिसऱ्याच्या हवाली करायची, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. उत्तरेकडच्या एका प्रकरणात गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, बुकावर नाव पहिल्याचेच राहिले आणि अपघातात एक जण गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई त्या पहिल्या माणसावरच टाकली. ज्याने दीड-दोन वर्षांपूर्वी गाडी विकून पैसे मोजून घेतले होते तो! विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकणाऱ्याने तर दुसऱ्याच दिवशी जावे असे आमचे मत आहे.

वडाप चालवणाऱ्यांना एक शब्द. खासगी म्हणून विमा काढलेल्या जीपमध्ये भाड्याची माणसे भरली, तर कागदावरचा वापर आणि रस्त्यावरचा वापर जुळत नाही. अशा वेळी कंपनी दावा नाकारायला मोकळी होते, किंवा भरपाई देऊन ती पुन्हा मालकाकडून वसूल करते. घर विकावे लागते ते अशाने.

गेल्या वर्षी आम्ही काटेवाडीला गेलो तेव्हा अंगणात नवी ॲपे उभी होती. तात्यांचा मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे. दादा या वेळी जामीनदार आहेत. गाडी घेताना शोरूममधल्या मुलाने पेढा पुढे केला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पेढा राहू द्या, आधी बुकावरचं नाव वाचून दाखवा." त्याने वाचून दाखवले. मग विम्याच्या कागदावरचे वाचायला लावले. तिथे मुलाच्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत वहिनी खुर्चीवरून उठल्या नाहीत. पाऊण तास लागला, दादा सांगत होते.